ओट्याखालच्या सहा बाटल्या

स्वयंपाकघरात ओट्याखाली हातभर जागा मोकळी सोडून पाहा. आठ दिवसांत तिथं बिनझाकणाचा डबा येते, बिनडब्याचं झाकण येते, कान तुटलेला कप येते. मुद्दाम कोणी आणून ठेवत नाही, पण जमते! किस्स्यांचंही तसंच. आमच्या जबलपूरच्या, कांचघर मोहल्ल्यातल्या घरात मी ओट्याखाली दोन वर्षं वाइनच्या बाटल्या काय ठेवल्या, किस्से असे साचले का आता कोणी चहाला आलं तं पहिले तेच काढते.

मला लिहिता येत नाही. मी सांगते, माझी सून नंदा लिहिते. मध्येच एखादा किस्सा घाईघाईनं उरकला असं वाटलं तं समजून घ्या, तो तिचा आहे.

* * *

बाटल्या आणल्या माझ्या नातीनं, सुजातानं. पोरगी शिकली अन् नाशिककडे द्राक्षाच्या मळ्यावर वाइन करायच्या नोकरीला लागली. तिच्या बापाला, म्हणजे माझ्या अशोकला, हे बिलकुल पटलं नाही. दिवाळीत ती घरी आली तं बॅगेत साड्यांमध्ये गुंडाळलेल्या सहा बाटल्या. तिनं एकटीनं, स्वतःच्या जबाबदारीवर केलेली पहिली वाइन. प्रत्येक बाटलीवर पांढरी पट्टी, अन् पट्टीवर पेनानं तिचं नाव. मला अक्षर येत नाही, पण माझ्या नातीचं नाव मला दुरून ओळखू येते.

अशोक म्हणाला, "माझ्या घरात दारू राहणार नाही."

ती म्हणाली, "बाबा, ही दोन वर्षं निजली पाहिजे, मग कळते कशी झाली ते. दोन वर्षांनी येईन अन् तुमच्यासमोर उघडीन. तोवर येत नाही!"

"नको येऊ!"

दारात ऑटो उभा, पोरगी रडून राहिली, बाप भिंतीकडे तोंड करून उभा. मी बाटल्या एकेक करून ओट्याखाली सरकवल्या.

"अशोक, घर तुझ्या नावावर आहे ना? असू दे! ओटा माझा आहे. त्याच्याखाली कोण निजते ते मी पाहीन!"

त्या दिवसापासून अशोक त्या कोपऱ्याकडे पाठ करून जेवू लागला. अन् पोरीशी बोलणं बंद. तिचा फोन आला का मुकाट्यानं नंदाच्या हातात द्यायचा. मी शिकलेली नाही, पण एवढा हिशेब मला समजत होता: बाटल्या टिकल्या तं पोरगी येईल.

* * *

वाइनला तळघर लागते म्हणे. तिकडे त्यांचं आहे, जमिनीखाली, थंडगार. आमच्याकडे जमिनीखाली फक्त नळाचा पाइप आहे, तोही गळका!

सुजातानं फोनवर नियम सांगितले. अंधार पाहिजे. गारवा पाहिजे. आडवं निजवायचं, म्हणजे बूच आतून ओलं राहते. धक्का नको. जवळ उग्र वासाचं काही नको.

मी म्हटलं, "गारवा सोडला तं बाकी सगळं बाळंतिणीचंच आहे. सरळ सांग ना, बाळंतीण ठेवून चालली म्हणून!"

माठाशेजारची फरशी आमच्याकडे बारा महिने गार असते. तिथं नर्मदेची रेती पसरली, रेतीवर बाटल्या, वरून ओलं गोणपाट. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारायचं. कांदे-लसूण गेले बाल्कनीत. हिंगाची डबी गेली न्हाणीच्या खिडकीत. वर मिक्सर घुरघुरला का खाली बाटल्या थरथरत, म्हणून मिक्सर गेला माळ्यावर. दोन वर्षं चटणी पाट्यावर!

अशोक चिडला. "बाटल्यांसाठी माणसांचे हाल करून राहिली तू, माय!"

"हाल माझ्या मनगटाचे आहेत. तू चटणी खा!"

त्यानं खाल्ली. दोनदा मागून खाल्ली. पाठ तिकडेच.

* * *

कुसुम आमच्याकडे भांडी घासायला येते. ती रोज गोणपाट उचलायची अन् बाटल्या उभ्या करून जायची. मी पुन्हा आडव्या करायची. ती पुन्हा उभ्या! आठ दिवस आमची अशी मुकाट कुस्ती चालली. शेवटी मी विचारलं, "काहून गं, झोपलेल्याला उठवते?"

तं म्हणते, "अम्मा, हमारे यहाँ बोतल लेटी मिले तो समझो आदमी भी वहीं कहीं लेटा है!"

मी हसले, अन् हसता हसता थांबले. माझ्या घरीही तसंच होतं. माझ्या घरवाल्याला दारूनंच नेलं. अशोक तेव्हा शाळेत होता. बापाला गल्लीतून खांद्यावर घालून त्यानंच आणलेलं आहे. त्याचा राग काय मला कळत नाही?

लोक विचारतात, मग बाई, तुमच्या घरात ही बला ठेवता तरी कशी? मी म्हणते, म्हणूनच ठेवते! जिनं मला जन्मभर घाबरवलं, ती आता माझ्या ओट्याखाली, मी निजवीन तशी निजते!

* * *

आता बातमी काय झाकून राहते? रविवारी विहारात वंदना झाली अन् चंद्रभागाबाई चार बायांना घेऊन माझ्यासमोर बसली. आमची चाळीस वर्षांची ओळख, पण त्या दिवशी आवाज असा का जशी सरकारी वकील!

"तुम्ही रोज पंचशील म्हणता. पाचवं शील काय आहे? अन् तुमच्याच घरात दारू?"

"पाचवं शील म्हणते पिऊ नका. मी थेंब घेतला नाही अन् घेणारही नाही. सांभाळू नका असं कुठं म्हटलं आहे?"

"घरात ठेवली म्हणजे एक दिवस तोंडाला लागणारच!"

"बरं. चौथं शील म्हणते खोटं बोलू नका. मग काय तुम्ही तोंड घरी ठेवून आल्या?"

बाकीच्या चौघी अशा हसल्या का चंद्रभागाबाईला पण हसू आलं. जाताना माझ्या कानाशी आली अन् हळूच म्हणाली, "वास कसा असते वं तिचा?"

* * *

वरच्या मजल्यावर तिवारीजी राहतात. भला माणूस, पण वाइनचं कानावर गेलं अन् त्यांची तब्येत बिघडायला लागली! कधी जिन्यात छाती धरत, कधी आमच्या दारात बसत. एक दिवस स्टीलचा ग्लास घेऊनच आले.

"अम्मा, डॉक्टर साहब ने कहा है, दिल के लिए दो ढक्कन अच्छी रहती है."

"अच्छा? तो डॉक्टर साहब को भी ले आओ भैया. पहले मैं उनका दिल देख लूँ!"

ग्लास रिकामा कसा पाठवायचा? ताक भरून दिलं. दिल ठीक झालं. आजवर ठीक आहे.

* * *

हा किस्सा लिहायला नंदा तयार नव्हती. मी म्हटलं, तू लिहिणार नाही तं मी शेजारणीकडून लिहून घेईन, अन् ती वाढवून लिहील!

पहिल्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. मी चार दिवस नागपूरला लग्नाला गेले. इकडे नंदानं वर्षाचं सामान गच्चीवर काढलं. डाळी, लोणच्याच्या बरण्या, पापड. आमच्याकडे रीतच आहे, जे वर्षभर टिकवायचं त्याला ऊन दाखवायचं. बिचारीनं विचार केला, लोणचं वर्षभराचं असून त्याला ऊन लागते, मग हे तं दोन वर्षांचं आहे!

सहाही बाटल्या बाजेवर, बरण्या अन् पापडांच्या मध्ये.

दुपार व्हायच्या आत एकीचं बूच वर सरकलं अन् लाल धार पापडांवर! नंदा बाकीच्या पाच पदरात घेऊन जिना उतरली अन् माठाशेजारी बसून रडली. मग सुजाताला फोन केला. किती वेळ उन्हात होत्या ते पोरीनं आधी विचारलं. मग म्हणाली, "आई, रडू नको. आता फक्त गार ठेवा. आत काय उरलं ते उघडल्यावर कळेल."

बाटल्या दिसायला तशाच, पण आत काही उरलं का नाही, कोण सांगणार? नंदानं मात्र कानाला हात लावले, पुन्हा त्या बाटल्यांना शिवणार नाही!

पापड फेकले नाहीत. चांगले वाळले. पाहुणे आले तेव्हा तळले तं सगळे विचारतात, "वहिनी, बीट घातलं का?" अशोकनं चार खाल्ले. त्याला आजवर कोणी सांगितलं नाही. आता वाचेल!

* * *

दुसऱ्या उन्हाळ्यात माझा मोतीबिंदू पिकला. अशोकच ऑटोनं मला नेपियर टाउनच्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरनं डोळा कापला, पट्टी बांधली अन् म्हणाला, "माताजी, पंधरा दिन झुकना नहीं है."

अन् पंधरा दिवस कोणते? ऐन नवतप्याचे! नऊ दिवस सूर्य जबलपूरच्या छातीवर बसतो ते. कूलरमधून वाफ येत होती. न वाकता ओट्याखाली पाणी मारायचं कसं? नंदानं शपथ घेतलेली. कुसुम नऊ वाजता येते, तोवर गोणपाट कडक होऊन जाते. मी घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "गेली माझ्या पोरीची दोन वर्षं!" अन् पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून चाचपडत ओट्याशी गेले. वाकता येत नाही, म्हणून पायाच्या अंगठ्यानं गोणपाट चाचपलं.

ओलं!

संध्याकाळी पाहिलं, ओलं. तिसऱ्या दिवशी ओलं. पंधरा दिवस, दोन्ही वेळ, ओलं!

नंदा म्हणाली, "मी नाही, आई." कुसुम म्हणाली, "मैं क्यों करूँगी अम्मा?" अशोकला मी विचारलंच नाही. तो कोपऱ्याकडे पाठ करून जेवत होता.

* * *

अन् दिवाळीला सुजाता आली. बोलल्याप्रमाणे आली! बापाच्या पाया पडली. अशोक बैठकीत पेपर वाचत होता. पेपरामागून नुसतं "हं" म्हणाला.

पोरगी सरळ स्वयंपाकघरात. फरशीवर मांडी घातली, गोणपाट काढलं, पाचही बाटल्या पुसून ओट्यावर ओळीनं उभ्या केल्या. बैठकीतून ओटा समोरच दिसते. एकीच्या बुचात स्क्रू फिरवला. मी माझ्याच पदराचं टोक चावून राहिले होते. नंदाचे हात जोडलेले.

बूच निघालं. तिनं काचेच्या ग्लासात थोडी ओतली, फिरवली, वास घेतला, घोट तोंडात धरला अन् डोळे मिटले. माठातून एक थेंब खाली पडला, तो मला ऐकू आला!

"आजी," तिनं डोळे उघडले, "थोडी थकली आहे. पण जिवंत आहे!"

नंदा तिथंच खाली बसली. सुजातानं बाटली हातात घेतली, फिरवून पाहिली.

"ऊन खाल्लं, दोन उन्हाळे काढले, तरी जिवंत! पण आजी, नवतप्यात तं तुझा डोळा बांधलेला होता. मग पाणी कोणी मारलं?"

नंदानं माझ्याकडे पाहिलं. मी माठाकडे पाहिलं.

बैठकीत पेपर खाली झाला. दोन वर्षांत बाप पोरीशी पहिल्यांदा बोलला:

"बाकीच्या चार आधी आडव्या कर! उभ्या ठेवल्या का बूच वाळते!"