एक जानेवारी सत्तर आणि सुमनकाकू

त्या शनिवारी दुपारी गावी, निरगुडसरच्या घरी मला जो धक्का बसला, तो अजून पूर्ण उतरलेला नाही. दोन हजार तीन-चार साल असेल... इंजिनिअरिंग संपून वर्ष झालं होतं आणि मी घरीच बसून होते.

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीने परीक्षा म्हणून मला चक्क एक मशीनच दिलं होतं. आपल्या पीसीत असतो तो प्रोसेसर त्यात नव्हता, वेगळ्याच जातीचा होता. त्यावर लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, बिल्डच होत नव्हता, म्हणजे सगळे भाग जोडून तयारच होत नव्हता. सोमवारपर्यंत चालू करून आणलंस तर नोकरी तुझी, असं सांगितलेलं. एसटीत पायाशी ठेवून आणलं मी ते धूड.

हजारो फाइली कंपनीतच कंपाइल, म्हणजे मशीनच्या भाषेत करून झाल्या होत्या, पण शेवटी सगळ्या जोडताना गाडी अडायची. एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, सापडत नाही म्हणे. या प्रोसेसरसाठी ते कुणी लिहिलंच नव्हतं. मग मी लिहिलं, एका फाइलीत घातलं, परत बिल्ड लावला... फंक्शन सापडत नाही.

मी चाट पडले. मला समोर दिसतंय आणि मशीन म्हणतंय नाहीच. नाव तपासलं, जागा बदलली, चार दिवस तेच. सगळं पहिल्यापासून बिल्ड करायला दीड दिवस सलग लाइट हवी होती, आणि आमच्याकडे दिवसातून दोनदा भारनियमन. म्हणून कंपनीत झालेलं काम तसंच ठेवून, बदललेली फाइल तेवढी नव्याने कंपाइल होऊ द्यायची, असं चाललं होतं.

शनिवारी लाइट आली आणि पाठोपाठ शेजारच्या सुमनकाकू विरजण मागायला आल्या. त्या गावच्या दूध डेअरीत दुधातलं फॅट मोजायचं मशीन सांभाळायच्या. माझं रडवेलं तोंड बघून म्हणाल्या, "लाइट आल्याव त्याची तारीख लावली का?"

मी जरा तुसडेपणानेच म्हटलं, "काकू, हे डेअरीचं मशीन नाही."

"नसू दे. आमचं बी लाइट गेली की येडं व्हतं, पावतीव भलतीच तारीख छापतं. आमी आदी तारीख लावतो, मंगच दुधाला हात." एवढं बोलून त्या विरजण घेऊन गेल्या.

त्यांना खोटं ठरवायला म्हणून मी तारीख बघितली. एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.

मशीनच्या आतली बॅटरी मेलेली होती, लाइट गेली की घड्याळ थेट सत्तर सालात, कारण ही मशीनं वेळ मोजायला तिथूनच सुरुवात करतात. मी दुरुस्त केलेल्या फाइलीवर माझ्या आईच्या लग्नाच्याही आधीची तारीख पडत होती. बिल्ड तारखा बघूनच नवं-जुनं ठरवतो, त्यामुळे माझ्या फाइलीला तो हातच लावत नव्हता. चार दिवसांत माझी एक ओळही कंपाइल झाली नव्हती.

तारखा चुकल्याची वॉर्निंग रोज पडद्यावर येत होती. पण वॉर्निंग कोण वाचतं...

तारीख लावली, फाइल परत सेव्ह केली. अर्ध्या तासात कर्नल तयार.

सोमवारी पुण्यात मशीन चालू झालं. कंपनीतल्या सरांनी विचारलं, "हे सापडलं कसं तुला?" मी म्हणाले, "वॉर्निंग वाचल्या, सर."

नोकरी लागली. डेअरीतल्या काकूंनी सांगितलं म्हणायची लाज वाटली मला, सगळे हसतील म्हणून. पेढे द्यायला गेले तेव्हा काकूंनाही बोलले नाही.

परवा गावी गेले होते, तेव्हा एकदाचं सगळं सांगून टाकलं. काकूंना त्यातलं काही आठवत नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मंग लावली व्हती ना तारीख?"

घरी येऊन मी खूप रडले. एवढी वर्षं जी शाबासकी माझी म्हणून मिरवली, ती आज इथे सगळ्यांसमोर परत करतेय... तो बग सुमनकाकूंनी शोधला होता.