दादीकडं जायाचंय

नरेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं ते भर दुपारी, ऑफिसात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्या आईचा फोटो आला होता. गयाबाई रिक्षास्टँडवर उभ्या, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात सुनेची, आणि खाली लिहिलेलं, ‘ही आजी कोणाची? दादीकडे जायचंय म्हणते.’ कुणी तरी वर हसरे चेहरेही टाकले होते. नरेंद्रने आधी इकडेतिकडे पाहिलं, शेजारच्या टेबलावरच्याने बघितलं तर नाही ना, आणि मग वॉचमनला फोन लावला. म्हणजे बघा, आधी अब्रू, मग आई.

गयाबाईंचं अख्खं आयुष्य उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनमध्ये गेलं. जीन्सच्या कारखान्यात धागे कापायचं काम. नवरा लवकर गेला, पण बाई एकटी अशी कधी पडली नाही. कारखान्यातल्या बायका, विहारातल्या बायका, नळावरची भांडणं, सगळं भरपूर होतं. पुढे नरेंद्रने पालेगावला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला आणि आईला घेऊन आला. हौसेने आणलं हो, खोटं कशाला बोला! पण सकाळी तो आणि बायको भावना कामावर गेले की बाईंशी बोलायला उरायचा टीव्ही. शेजारचं दार कधी उघडतं नि कधी लागतं, पत्ता लागायचा नाही.

विसरायला त्या इथेच लागल्या. भाजीत मीठ दोनदा पडायचं, वार कोणता ते सुचायचं नाही. आणि मग ते सुरू झालं.

"नरू, मला दादीकडं जायाचंय."

"दादी काय, आजी म्हण. आणि आजी जाऊन किती वर्षं झाली, आई!"

"आजी न्हाई रे, दादी!"

"तेच ते."

बाई चिडायच्या, पुन्हापुन्हा तेच सांगायच्या, आणि त्या जितक्या चिडायच्या तितकी नरेंद्रची खात्री पटायची. आई आता हिंदीतून बरळायला लागली म्हणे! फोटोच्या दुसऱ्या दिवसापासून तो बाहेरून कुलूप लावून जायला लागला. लिफ्टमध्ये कुणी विचारायच्या आत स्वतःच सांगून टाकायचा, "आईला डिमेन्शिया आहे." सांगितलं की हलकं वाटायचं, आणि हलकं वाटतं याची लाजही वाटायची. पण कुलूप काही सुटलं नाही.

मग गयाबाईंनी मागणंच सोडलं. खिडकीशी बसून राहायच्या. घर शांत झालं. शेवटी भावनाच म्हणाली, "आई हल्ली बोलतच नाहीत हो. आपण डॉक्टरला दाखवू या."

डॉक्टर उल्हासनगरचे, सिंधी, वयस्कर. नरेंद्रने आईच्या देखत सगळं घडाघडा सांगितलं. मीठ, चप्पल, दादी. गयाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

"दादी कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"तिची आजी. मरून जमाना झाला."

"तुम्ही मूळचे कुठले?"

"इथलाच. कॅम्प तीन."

"कमाल आहे साईं! कॅम्प तीनचे, सिंध्यांत वाढलेले, आणि माहीत नाही? आमच्यात मोठ्या बहिणीला दादी म्हणतात."

नरेंद्रला एकदम आठवलं. ईश्वरी दादी! आईच्या शेजारी बसून धागे कापणारी. शाळा सुटली की तो कारखान्यातच जायचा, आणि दादी आपल्या डब्यातली कोकी, ती कांद्याची जाड सिंधी पोळी, मोडून त्याच्या हातावर ठेवायची. सगळ्यांसारखा तोही तिला दादीच म्हणायचा. अरे गाढवा, विसरलं कोण मग?

डॉक्टर म्हणाले, "त्या विसरतात, ते खरं आहे. औषध देतो. पण त्यांना माणसांत राहू द्या. बोलणं थांबलं की डोकंही थांबत जातं. घरी दिवसभर कोण असतं?"

नरेंद्रचा हात खिशातल्या कुलपाच्या किल्लीवर गेला. भावना जमिनीकडे बघत होती.

तिथून ते सरळ बाजारामागच्या गल्लीत गेले. ईश्वरी दादी पार वाकली होती, पण दारातूनच ओरडली, "गया! मर गई थी क्या!" दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि गयाबाईंची जीभ जी सुटली! कोणाची मुलगी कुठे दिली, कोणाची कोणाशी जुंपली होती, सगळं धडाधड. एकदोन नावं चुकली, तर दादीने पाठीत धपाटा घालून सुधारली आणि बाई खदाखदा हसल्या. पालेगावच्या घरात हे हसणं नरेंद्रने एकदाही ऐकलं नव्हतं. तो उंबऱ्यातच उभा राहिला.

दादी त्याच्याकडे वळली. "क्यों रे, इतने दिन क्यों नहीं लाया इसको?"

नरेंद्रने तोंड उघडलं. तेवढ्यात गयाबाईच बोलल्या.

"उसको मत बोल, दादी. वो तो रोज बोलता था, चल, चल. मेराच पैर दुखता था."

इतकं बिनचूक खोटं, क्षणाचाही विचार न करता. म्हणजे आईला सगळं ठाऊक होतं, बाहेरचं कुलूपसुद्धा. नरेंद्रला मान वर करवेना.