पूजेला हात नको

"मास्तर, तू बाहेर थांब. पूजा होईपर्यंत मशिनीला हात लावू नकोस."

दसऱ्याच्या सकाळी मालकाने मला हे सगळ्यांसमोर सांगितलं. त्याच्या हातात झेंडूचं तोरण होतं आणि आवाज अगदी साधा होता. चिडून बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

ती लेथ मशीन आदल्या दिवशी मीच पुसली होती. दुपारी जेवण झाल्यावर बसलो तो सहापर्यंत. खालच्या ट्रेमधला लोखंडाचा कीस हाताने उपसला. दोन बोटांत घुसला. तुकडा पकडणाऱ्या चकाचे तीनही जबडे सोडवले, रॉकेलमध्ये धुतले, परत बसवले. जुनं ग्रीस खरवडलं, नवं तेल दिलं. मालक येऊन बघून गेला. म्हणाला, "मस्त! नवीन दिसतेय."

तेव्हा माझा हात चालला.

मध्ये फक्त एक गोष्ट झाली होती. संध्याकाळी निघताना मी त्याच्या टेबलावर माझा अर्ज ठेवला. टर्नरच्या, म्हणजे लेथ चालवणाऱ्याच्या परीक्षेला बाहेरून बसायचं होतं. त्याला जिथे काम शिकलो तिथल्या मालकाचं पत्र आणि सही लागते. अर्जाला कागदपत्रं जोडलेली होती. त्यात फीच्या सवलतीसाठी लागणारा जातीचा दाखला होता.

मी हिंगोलीकडचा. चौदा वर्षं एका खासगी शाळेत गणित शिकवलं. पट घटत गेला, एकेक तुकडी बंद झाली, शेवटी शाळाच बंद झाली. त्रेचाळिसाव्या वर्षी बायको आणि मुलीला घेऊन भाईंदरला आलो. नवघरला मेहुण्याच्या ओळखीने एक भाड्याची खोली मिळाली. केबिन रोडवरचे सगळे क्लास पालथे घातले. एका ठिकाणी फळ्यावर गणित सोडवून दाखवलं. क्लासवाला म्हणाला, "सर, मॅथ्स अच्छा है, पर आपका इंग्लिश नहीं चलेगा." दुसऱ्याने बसायलाही सांगितलं नाही. शेजारचा वेल्डर म्हणाला, आमच्या गल्लीत एका गाळ्यात हेल्पर पाहिजे, उमेदवारीवर काम शिकवतील. गेलो.

मालक माझ्याहून आठ वर्षांनी लहान. गाळा ज्या जमिनीवर उभा आहे तिथे त्याच्या आजोबांचं भातशेत होतं. हे तो दर दोन दिवसांनी सांगायचा. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "आधी काय करायचास?" मी सांगितलं. तो हसला. त्या दिवसापासून माझं नाव मास्तर पडलं. मास्तर, झाडू मार. मास्तर, चहा सांग. गिऱ्हाईक आलं की मला पुढे करायचा, "हा बघा आमचा मास्तर. पोरांना गणित शिकवायचा, आता कीस उचलतो."

गिऱ्हाईक हसायचं. मीही हसायचो. ते माझं हसणं मला अजून छळतं.

काम शिकवलं ते रशीद मिस्त्रींनी. साठीचा माणूस, उत्तर प्रदेशातला, त्या गाळ्यात बावीस वर्षं. त्रेचाळिसाव्या वर्षी हात लवकर वळत नाहीत. मायक्रोमीटरवरचे आकडे दिसायला मला चष्मा लागायचा, आणि मी खिशातून चष्मा काढला की मालक लांबून ओरडायचा, "वाचता येतंय ना, मास्तर?" पितळेचा एक जॉब मी बिघडवला. भोक केसभर मोठं झालं. आठ दिवस त्याच एका भोकाबद्दल ऐकत होतो. मिस्त्रींनी नवा तुकडा चकात लावला आणि म्हणाले, "फिर से करो." अकराव्या महिन्यात मी ड्रॉइंग बघून एकट्याने जॉब काढू लागलो होतो. आटे पाडत होतो. मिस्त्रींनीच सांगितलं, "परीक्षा दे दो. कागज हाथ में रहेगा तो कोई मास्टर-मास्टर नहीं बोलेगा."

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातंय.

पहिल्या दिवशी मालकाने नाव विचारलं होतं. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "पुढे?" मी गावाच्या नावाला कर लावून सांगितलं. आमचं आडनाव ते नाही. पण असलं आडनाव कुणालाही चालतं, त्यातून काही कळत नाही. चौदा वर्षं मी पोरांना सांगत आलो, वहीच्या पहिल्या पानावर पूर्ण नाव लिहा. आणि स्वतः असं केलं.

घरातही तेच. खोलीचा मालक भाडेकरूंच्या घरात डोकावून बघतो, असं कळलं होतं. मी निळ्या कोटातली तसबीर पुढच्या भिंतीवरून काढून आत, कपाटाच्या बाजूला लावली. बायको म्हणाली, "अहो, काढताय कशाला? आपण काय चोरी केलीये?"

मी म्हणालो, "एकदा काम हातात येऊ दे. मग लावू."

दसऱ्याला ती आणि मुलगी पांढऱ्या साड्या नेसून विहारात गेल्या. आमच्यासाठी तो दीक्षेचा दिवस. मी जन्मात चुकवला नव्हता. त्या दिवशी चुकवला. मालकाने सगळ्यांना पूजेला बोलावलं होतं आणि मला अर्जावर सही हवी होती. निघताना मुलीने विचारलं, "बाबा, तुम्ही पूजेला जाणार?" मी चपला शोधत राहिलो.

त्या पूजेशी मला काही देणंघेणं नव्हतं. आजही नाही. पण मी माझ्या मनाने न जाणं वेगळं. मला कुणी बाहेर काढणं वेगळं.

बाहेर गटारावरच्या लादीवर रशीद मिस्त्री बसले होते. तेलाच्या रिकाम्या डब्यावर. धुतलेला शर्ट, खिशात कंगवा.

"आ गए? बैठो."

मी विचारलं, "आप अभी तक यहीं?"

"मैं तो हर साल यहीं बैठता हूँ. दो घंटे की बात है. कल से फिर वही मशीन."

बावीस दसरे. मला वाईट वाटलं, आणि ते फक्त त्यांच्यासाठी नव्हतं. सकाळी गाळ्यात शिरताना मी त्यांना तिथे बसलेलं पाहिलं होतं. पाहून मनात आलं होतं, बरोबर आहे, ते मुसलमान, पूजेत कशाला येतील. तेवढाच विचार करून मी आत गेलो होतो. दहा मिनिटांत मला त्यांच्या शेजारी आणून बसवलं.

आतून मालकाच्या आईचा आवाज आला, "त्यो भायेर हाय ना?"

"हाय आई, भायेरच हाय."

मग घंटा वाजली.

पूजा झाली. मालक कागदात पेढे घेऊन बाहेर आला. माझ्या तळहातावर एक पेढा वरून सोडला. बोट लागलं नाही. मग मला जरा बाजूला घेतलं आणि अगदी आपुलकीने म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. आईला चालत नाही. सही मी उद्या करून देतो. फक्त इथे कुणाला सांगत बसू नकोस. मी पण नाही सांगणार."

"काय नाही सांगायचं?"

"तेच रे. दाखल्यातलं."

त्याला वाटत होतं, तो माझ्यावर उपकार करतोय. माझी लाज झाकतोय. आणि ती झाकायला मीच त्याला शिकवलं होतं, पहिल्या दिवशी, स्वतःच्या तोंडाने.

मी पेढा त्याच्या हातातल्या कागदावर परत ठेवला. आत गेलो. लेथपाशी उभा राहिलो आणि चकावर हात ठेवला. हळदकुंकू तळव्याला लागलं. गाळ्यात सातआठ माणसं होती. मी माझं नाव सांगितलं. माझं, माझ्या बापाचं, आणि आमचं खरं आडनाव. म्हटलं, "ही मशीन काल मी पुसली. तेव्हा सगळ्यांना चाललं."

म्हातारीने पदर आवळला. मालक म्हणाला, "मास्तर, इथे वर्ग नाही भरलाय. शिकवू नकोस."

"शिकवत नाहीये. नाव सांगतोय."

त्याने टेबलाच्या खणातून अर्ज काढला आणि माझ्यापुढे टाकला. सहीची जागा कोरी. "दुसरीकडे बघ."

बाहेर आलो. मिस्त्रींना म्हटलं, "चला आत. तुम्हीही उभे राहा माझ्याबरोबर." ते उठले नाहीत. खाली बघत म्हणाले, "गुस्सा हम लोगों को महँगा पड़ता है, मास्टर." मला त्यांचा राग आला. थोडा अजून आहे. त्यांच्याइतकं मला कुणी शिकवलं नाही, तरीही आहे.

लोक म्हणाले, पोलिसांत जा. मी विचारलं, साक्ष कोण देणार?

त्या वर्षीची परीक्षा गेली. अकरा महिन्यांचा कागद नाही, म्हणजे ते अकरा महिने नाहीतच. तसबीर मी त्याच संध्याकाळी पुढच्या भिंतीवर लावली. बायकोने खिळा धरला. पुढच्या महिन्यात खोलीचा मालक आला, भिंतीकडे बघितलं, आणि म्हणाला की त्याच्या भावाला खोली पाहिजे आहे. भाऊ अजून आलेला नाही. आम्ही दुसऱ्या चाळीत राहतो.

आता मी काशिमीऱ्याच्या बाजूला एका गाळ्यात जातोय. पुन्हा झाडूपासून सुरुवात. फोरमन अठ्ठावीसचा आहे, मला काका म्हणतो आणि सोपं कामही तीनदा समजावतो. जे मला येतं तेच मला पुन्हा शिकवतात आणि मी मान हलवतो. संताप होतो. घरी येऊन मी बायकोवर विनाकारण ओरडतो, मग गप्प बसतो. कुणी मला सांगू नये की झालं ते चांगल्यासाठी झालं. झालं ते वाईटच झालं.

पण इथे पहिल्या दिवशी मी पूर्ण नाव सांगितलं. फोरमन रजिस्टरमध्ये लिहिताना एक क्षण थांबला. मी अक्षरं फोडून सांगितली, आणि तो लिहीपर्यंत तिथेच उभा राहिलो.

यंदा अर्ज भरणार. दाखला सगळ्यात वर लावणार. सही करणाऱ्याने तो आधी वाचायचा, मग पेन उचलायचं. नाही उचललं तर तिसरा गाळा शोधीन, चौथा शोधीन. कामाची उमेदवारी मी पन्नाशीपर्यंत करीन. माणूस असण्याची उमेदवारी आता एक दिवसही करणार नाही.