ज्या रस्त्याने आणलं, त्याच रस्त्याने

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवली की या वयातही राग येतो. राग काही चोराचा नाही. चोर चोरी करतो, ते त्याचं काम. राग येतो तो बाकीच्या अब्रूदार लोकांचा.

संस्थानं विलीन होऊन नुकतं मध्यभारत राज्य झालं होतं. उज्जैनच्या ठाण्यांवरच्या पाट्या बदलल्या होत्या, टोप्यांवरचे बिल्ले बदलले होते. शिपाई मात्र तेच होते आणि त्यांच्या सवयीही त्याच. मी शहरातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. आमचं घराणं मूळचं साताऱ्याकडचं, पण पणजोबांपासून शिप्रेचं पाणी प्यायलेलं. त्यामुळे घरात मराठी, ठाण्यात हिंदी आणि रागावलो की दोन्ही.

त्याच सुमारास सरकारने फ्रीगंजमध्ये बायकांसाठी एक लहानसं प्रसूतिकेंद्र उघडलं आणि तिथे एक मराठी सिस्टर नेमल्या. देवासकडच्या, तिशीतल्या, इंदूरला रीतसर शिकून आलेल्या. शहराने त्यांचं स्वागत वगैरे काही केलं नाही. नर्स म्हणजे हलक्या कामाची बाई, चांगल्या घरची बाई अशी वेळी-अवेळी लोकांच्या घरी जात नाही, हे आमच्या ब्राह्मण आळीपासून सराफ्यापर्यंत सगळ्यांचं ठाम मत. जीव अडकला की मात्र त्यांनाच निरोप जायचा.

तसाच निरोप एका मोठ्या कापडाच्या व्यापाऱ्याकडून गेला. सेठजी म्हणजे शहरातलं वजनदार माणूस. त्यांच्या सुनेचं बाळंतपण अडलं होतं. घरच्या दाईने हात टेकले, तेव्हा सिस्टरना बोलावलं. त्यांनी सून वाचवली, मूलही वाचवलं. सहाव्या दिवशी छठीची पूजा करायची म्हणून सुनेचा सोन्याचा हार काढायला पेटी उघडली, तर हार नाही. पेटी बाळंतिणीच्या शेजारच्याच खोलीत होती. कुलूप शाबूत. किल्ल्यांचा जुडगा कायम सासूबाईंच्या कमरेला.

मग चोर कोण? घरात आलेली परकी बाई एकच. सेठजींनी तक्रार दिली. मी त्या दिवशी एका जुन्या खटल्यात साक्षीसाठी कोर्टात होतो. माझ्या हेडकॉन्स्टेबलने, वर्दी मिळाल्याबरोबर, सिस्टरना फ्रीगंजमधून उचललं आणि भर बाजारातून, सेठजींच्या घरावरून, पायी चालवत ठाण्यात आणलं. पुढे शिपाई, मागे शिपाई. टांगा करायची बुद्धी झाली नाही, असं नव्हे. लोकांनी बघावं म्हणूनच चालवलं.

मी संध्याकाळी परतलो तेव्हा त्या व्हरांड्यातल्या बाकावर ताठ बसल्या होत्या. त्यांच्या पिशवीतल्या वस्तू, कात्री, चिमटे, रबरी नळी, सगळं हेडसाहेबांनी टेबलावर ओतलं होतं. मला वाटलं, बाई रडतील. त्या म्हणाल्या, "साहेब, हे सगळं उकळून बांधून ठेवलेलं होतं. आता परत उकळावं लागणार. आज रात्री कुणाचा बुलावा आला तर मी काय न्यायचं?"

हेडकॉन्स्टेबल माझ्या कानाशी लागला. "साहब, दो घंटे मेरे हवाले कर दो. कबूल कर लेगी."

"तुझ्या हवाली तुलाच केलं तर तू पण कबूल करशील, की हार तूच नेला," मी म्हणालो. तो हसला. मी हसलो नाही.

मी त्यांची जबानी स्वतः घेतली. सरळ, मोजकी उत्तरं. एकच गोष्ट नडत होती. "पेटी उघडीच होती," त्या म्हणाल्या. "मी धुतलेली चादर मागितली, तेव्हा दाईने त्याच पेटीतून काढून दिली. कुलूप कोयंड्याला लटकत होतं. मी पाहिलं."

तिकडे सेठजी शपथेवर सांगत होते, की पेटीला बाळंतपणाच्या संध्याकाळी कुलूप त्यांनी पाहिलं, सकाळीही पाहिलं. मधल्या काळात ते पुरुषमंडळींसोबत खाली दुकानात होते. दाई सेठजींच्या घरची, ती त्यांचीच री ओढत होती. वरवर पाहता दोघांतलं एक खोटं. आणि सेठजी विरुद्ध नर्स म्हटल्यावर शहराने निकाल लावूनच टाकला होता. मी सिस्टरना अटक न करता घरी जाऊ दिलं आणि रोजनामच्यात तशी नोंद केली. दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, मराठी मराठी एक झाले.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. सिस्टरना बोलावणं बंद झालं. सेठजींच्या मागच्याच गल्लीत एक बाई अडली. घरच्यांनी ठरवलं, चोर बाई घरात नको. मूल गेलं. ही बातमी मला ठाण्यात कळली तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता, तो मी तसाच खाली ठेवला. एका हारापायी गल्लीतलं एक पोर गेलं होतं, आणि त्याची तक्रार कुठल्याच ठाण्यात होणार नव्हती.

त्या संध्याकाळी घरी आलो आणि वर्दीचा पट्टा काढू लागलो. बक्कल अडकलं. बायको म्हणाली, "बबनच्या वेळी पण असंच अडकलं होतं. आठवतं का? आई ओरडत होत्या, आधी पट्टा सोड."

मी थांबलो. आमच्या बबनच्या वेळी हिला दिवसभर त्रास झाला होता. मी ड्यूटीवरून आलो तर आईने दारातच मला पट्टा सोडायला लावला, बुटांच्या नाड्या सोडायला लावल्या. घरातल्या ट्रंका, फडताळ, धान्याची कोठी, सगळ्यांची कुलपं काढून ठेवली होती. घरात गाठ आणि कुलूप बंद असेल तर बाईची वाट मोकळी होत नाही, हा तिचा विश्वास. मला तेव्हा हसू आलं होतं. आता आलं नाही. मी पट्टा परत बांधला आणि थेट सेठजींच्या घरी गेलो.

सासूबाई परपुरुषासमोर येत नसत. त्या दाराआड, मी ओसरीवर. आजवर त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. घरातल्या जबान्या सगळ्या पुरुषांच्या. मी विचारलं, "माँजी, बहू अडली होती तेव्हा घरातले ताले खोलले होते का?"

आतून लगेच उत्तर आलं, जणू त्या वाटच पाहत होत्या. "सगळा खोल्या था, बेटा. पेटी, तिजोरी, दुकान, गोदाम. एक नी छोड्यो."

"तुम्ही स्वतः खोलले?"

"म्हूँ तो बहू को माथो लइने बैठी थी. झुमको जमईजी के दइ दियो थो."

त्या स्वतः सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. झुमका म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. जमईजी म्हणजे सेठजींचे जावई. नुकतेच सासुरवाडीला येऊन दुकानात बसू लागले होते. त्यांची जबानी माझ्याकडे होती. घरात बाळंतपण चालू असताना आपण रामघाटावर पंड्याकडून पूजा करवत होतो, किल्ल्यांना आपण कधी हात लावला नाही, कुठली कशाची तेही माहीत नाही, असं त्यांनी सही करून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ठाण्यात बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. हेडकॉन्स्टेबल दारात उभा राहून हात चोळत होता, त्याला बाहेर पाठवलं. टेबलावर पेटीचं कुलूप ठेवलं होतं आणि तो भलामोठा जुडगा. मी पूजेबद्दल, घाटाबद्दल, पंड्याच्या दक्षिणेबद्दल गप्पा मारत एकेक किल्ली कुलपाला लावून बघत राहिलो. एक लागेना. दुसरी लागेना. जावई आधी बघत राहिले, मग चुळबुळले, मग त्यांच्याच्याने राहवेना. माझ्या हातातून जुडगा घेतला, "इधर दो साहब, ऐसे नहीं," म्हणाले आणि एका झटक्यात नेमकी किल्ली काढून कुलूप उघडलं.

त्यांचा चेहरा उतरला. मी एवढंच म्हणालो, "आता रामघाट राहू द्या. त्या रात्रीचं बोला."

त्यांना एक चापटही मारावी लागली नाही. भैरवगढच्या एका ओळखीच्या छिप्याच्या, म्हणजे कापडावर ठसे छापणाऱ्याच्या, कोठारात, दुकानासाठी छापून ठेवलेल्या चादरींच्या गठ्ठ्यात हार निघाला. छिप्याला त्याचा पत्ताही नव्हता. मी पंचनामा केला. पंच म्हणून ठाण्यासमोरचा नेहमीचा पानवाला न घेता भैरवगढचेच दोन रंगारी घेतले.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. खरं प्रकरण इथून सुरू झालं. जावई चोर, हे सेठजींना कसं चालणार? ते म्हणाले, हार घरातच सापडला, तक्रार मागे. सिस्टरना साडी-नारळ पाठवला. सिस्टरनी तो तसाच परत केला. मग आमचे वरिष्ठ बोलले. "माल मिल गया. घर की बात घर में रहने दो. नर्स से कह दो, छूट गई."

मी म्हणालो, "सर, छूटता मुजरिम है. वो मुजरिम थी ही नहीं."

त्यांनी बदलीची भाषा केली. मी म्हटलं, बिस्तरा बांधलेलाच असतो. त्याच दिवशी जावयाविरुद्ध चालान, म्हणजे आरोपपत्र, कोर्टात पाठवलं.

सिस्टरना बोलावून सगळं सांगितलं. त्यांना वाटलं असतं तर त्या उठून गेल्या असत्या. त्या बसून राहिल्या. "साहेब, कागदावर मी मोकळी झाले. पण कागद किती लोक वाचतात? मला ज्या रस्त्याने आणलं ना, त्याच रस्त्याने परत पोहोचवा. दिवसाढवळ्या. नाहीतर मी इथून हलत नाही, आणि हे केंद्र पण बंद करून टाका, कारण कुणी येणारच नाही."

मला ही मागणी इतकी रास्त वाटली की मी लगेच टोपी घातली. हेडकॉन्स्टेबलला म्हणालो, "पिशवी उचल." तो म्हणाला, "साहब, जचकी का थैला? बाजार में?" आणि मागे सरला. मग मी स्वतः उचलली.

बाजार भरलेला होता. पुढे सिस्टर, मागे पूर्ण वर्दीत मी, हातात त्यांची पिशवी. सराफ्यातली माणसं दुकानातून बाहेर आली. कुणी हसलं, कुणी खोकलं. मी चाल हळू ठेवली. सेठजींच्या घराखाली आलो तेव्हा दार उघडलं आणि सासूबाई ओट्यावर आल्या. डोक्यावर पदर होता, पण चेहरा उघडा. त्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा बाजाराला तोंड दाखवलं असेल. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सिस्टरबई, तमने म्हारी बहू की जान बचई. चोर म्हारा घर को थो."

सिस्टरनी हात जोडले आणि चालायला लागल्या. डोळे त्यांनी फ्रीगंजला पोहोचल्यावर पुसले. मी माझे तिथेही पुसले नाहीत, घरी येऊन पुसले.

पुढे कोर्टात सेठजींनी जबानी फिरवली, मोठे वकील आणले आणि जावई सुटला. माझी बदली झाली, तीही चांगल्या ठिकाणी नव्हे. पण निरोप परत फ्रीगंजला जाऊ लागले होते, आणि मागच्या गल्लीतूनही.

नवीन राज्यात तेव्हा भाषणं फार होत. सेवांचा दर्जा वाढला पाहिजे, जनतेचा विश्वास मिळवला पाहिजे. मी एवढंच शिकलो, की कुठल्याही कामाची इज्जत वाढवायची असेल तर ते नीट करणाऱ्याच्या पाठीशी, त्याचं नाव खराब होत असताना, कुणीतरी उभं राहावं लागतं. पाट्या आणि बिल्ले बदलून ते होत नाही. हे पोलिसांनाही लागू आहे. दंड्याने कबुलीजबाब मिळतो, माणसाचा भरवसा मिळत नाही.

काही वर्षांनी माझ्या बहिणीच्या मुलीने नर्सिंगला जायचं म्हटलं. घरात गहजब झाला. भावकी जमली, लोक काय म्हणतील म्हणाली. मी म्हणालो, "लोक काय म्हणतात ते मी ऐकलेलं आहे. उज्जैनच्या भर बाजारातून वर्दीत तो थैला मी वाहिलाय. पोरगी जाणार. ज्याला लाज वाटेल त्याने मान फिरवावी."

तिला स्टेशनवर पोहोचवायला मीच गेलो. थैला तिने मला उचलू दिला नाही.