टाकीतला मासा

ओल्या चिखलाचा वास आला की तिकडे आखातातल्या सहमच्या मळ्यातलं ते जेवण आठवतं. आमच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, शेताच्या पाण्याच्या टाकीत हौसेने मासे पाळले होते. पहिलाच मासा तळून त्याने माझ्यापुढे ठेवला. “तुम रत्नागिरीवाला. सच बोलो, समंदर का मच्छी अच्छा, या मेरा?” माझ्या व्हिसाच्या कागदावर त्याची सही व्हायची होती. घास तोंडात फिरत राहिला, नुसता चिखल. बाकीच्या कामगारांचे हात ताटातच थांबले. मी कसाबसा गिळला. “अर्बाब, आपका.” तेव्हापासून दर शुक्रवारी माझ्या खोलीवर माशांची बादली येते, आणि मी खातो. परवा सुट्टीत घरी अम्मीने बंदरावरची ताजी सुरमई तळली. पहिल्याच घासाला माझ्या तोंडून निघून गेलं, “अम्मी, हिला चव नाय.”