यंत्राने वाढलेली कोशिंबीर

महाडच्या कारखान्यात मी कारकून होतो. पूजा सांगत असल्यामुळे सारे मला गुरुजी म्हणत. तेथील कँटीनमध्ये कापडे गावाहून येणाऱ्या एक बाई कोशिंबीर वाढीत. मी "पुरे" म्हटले, की "एवढ्यानं काय होतंय, गुरुजी?" म्हणून आणखी एक चमचा ताटात पडे.

पुढे मोजून कोशिंबीर सोडणारे यंत्र आले आणि बाई आत काकड्या चिरू लागल्या. पहिल्याच दिवशी मी सवयीने ताटावर हात आडवा धरून "पुरे" म्हणालो. यंत्राने सगळी कोशिंबीर माझ्या हातावर सोडली. आतून बाई हसल्या, "गुरुजी, त्याला कान नाय!"

यंत्राचे माप अचूक असे. तक्रारीला जागा नव्हती. तरी काही महिन्यांनी, न राहवून, मी ताट घेऊन आतल्या दाराशी गेलो. "आज तुम्ही वाढा," म्हणालो.

बाईंनी ओले हात पदराला पुसले. "हातानं वाढायला बंदी हाय, गुरुजी. पण चिरलीय मीच. माझ्याच हातची समजा."

मी मान डोलावून परतलो. मला त्यांचा आग्रह हवा होता, हे सांगण्याचे धैर्य मात्र झाले नाही.