काडतुसांना पंचामृत

आमच्या ग्वाल्हेरात बंदूक बाळगणारे ढिगाने सापडतील, नेम धरता येणारे मात्र शोधावे लागतात. दूर कशाला, आमच्याच घरात बघा. खापरपणजे दक्षिणेतून फौजेबरोबर आले, लढले, मेले, ते खरे शिपाई. त्यांच्या पुण्याईवर माझे धाकटे दीर आता मिशांना पीळ देतात. उभा जन्म विम्याच्या कचेरीत पंख्याखाली गेला, पण लग्नाला निघाले की खांद्यावर रायफल हवीच. हवेत गोळ्या झाडायला बंदी आहे हे त्यांना माहीत नाही असं नाही. "वहिनीसाहेब, इज्जतीचा सवाल आहे," म्हणतात. इतक्या वर्षांत त्यांची एक गोळी कधी कशाला लागली असेल तर ती आभाळाला. आभाळ चुकवायलाही अक्कल लागते म्हणा.

आणि ह्याच घरात माझी नात. कॉलेजात जाते, आणि पॉइंट टू-टूची रायफल घेऊन पोटावर पडून पन्नास मीटरवरचा ठिपका फोडते. तो ठिपका मला चष्म्यावर चष्मा लावला तरी दिसायचा नाही. घरातला एकमेव खरा नेम तिचा, पण शिपायाचं रक्त म्हणून कौतुक कुणाचं? दिरांचं. ते रक्त बहुधा मिशांतून वाहत असावं.

आता तिच्या गोळ्यांचं सांगते. त्या येतात परदेशातून. तिकडे लढाया पेटल्या, काय झालं देव जाणे, पण इकडे डब्या यायच्या थांबल्या. मिळाल्या तर भाव असा की विचारायची लाज वाटावी. पूर्वी एका गोळीच्या पैशात एक कचोरी यायची, आता कचोरी-जिलेबीचा भरपेट नाश्ता येतो. बरं, कुठलीही गोळी हिच्या रायफलीला चालत नाही. ते मला तिने समजावलं आणि मी लगेच समजले, कारण आमच्या चकल्यांचंही तसंच. पीठ तेच, हात तोच, पण एक घाणा जमतो आणि दुसरा नाही. गोळ्यांचेही घाणे असतात. हिच्या रायफलीला एक घाणा मानवला होता, आणि त्यातल्या जेमतेम दोन-तीन डब्या उरल्या होत्या. त्या तिने दसऱ्यानंतरच्या संघनिवडीच्या सामन्यासाठी जपून ठेवल्या. सराव कसा करायची? रिकाम्या रायफलीने. नळीवर एक नाणं ठेवायचं आणि घोडा दाबायचा, नाणं पडता कामा नये. तासन्‌तास चालायचं ते. मी भाजी निवडत बघत बसायची. माझी मेथी संपायची, पोरीचं नाणं हलायचं नाही.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी शस्त्रं पूजतात. जुनी तलवार निघते, भाला निघतो, दिरांची रायफल निघते, तिला तर वर्षातून तेवढंच काम. यंदा त्यांनी नातीचीही मागितली. तिने आनंदाने दिली, डब्याही पाटावर ठेवल्या, आणि जाताना बजावलं, "आजोबा, डबी खोलना मत हं. वरूनच फूल वाहा." आणि गेली परीक्षेला.

मी स्वयंपाकघरात पुरणाशी झटत होते. घंटा वाजत होती, मंत्र चालले होते. आमच्या दिरांचे मंत्र म्हणजे चार शब्द संस्कृत आणि पुढे नुसतं गुणगुणणं. बऱ्याच वेळाने नैवेद्याचं ताट घेऊन बाहेर आले आणि बघते तर काय. ताम्हनात डब्यांतली सगळी काडतुसं ओतलेली. त्यांच्यावर दूध, दही, तूप, मध, साखर. सुपारीच्या गणपतीला घालावं तसं प्रत्येकाला चोळून चोळून स्नान.

"भाऊजी! हे काय मांडलंय?"

"अभिषेक, वहिनीसाहेब. तलवारीला करतो, मग ह्यांना सावत्रपणा कशाला?"

"पोरीने उघडू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"पोर आहे ती. तिला विधी काय कळतो!"

मग गंगाजलाने धुतली, एकेकाला हळद-कुंकू लावलं, आणि परातीत पसरून अंगणात उन्हात ठेवली. सांडगे वाळत घालतात ना, अगदी तशी.

नात आली ती थेट परातीपाशीच. एक काडतूस उचललं. ह्या गोळ्यांच्या शिशाला मेणाचा पातळ हात असतो, त्या मेणात कुंकू रुतून बसलं होतं आणि बुडाला तुपात कालवलेली साखर.

"आजी, यार, ये तो गया सब. हे नळीत घातलं तर रायफल पण जाईल."

"आता देवाचा हात लागलाय बेटा," दीर म्हणाले, "एकही चुकायची नाही."

"आजोबा, चलेगी तब ना चुकेगी!"

एवढं झाल्यावर माणसाने मान खाली घालावी की नाही? छे. दीर फेटा बांधून उभे. "इंदरगंजात बंदुकांच्या दुकानात माझी ओळख आहे. चला, आत्ता आणून देतो." मीही गेले, म्हटलं ही ओळख एकदा बघूच. दुकानदाराने ह्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि लग्नांच्या हंगामासाठी आलेली बोटभर जाडीची काडतुसं पुढ्यात मांडली. पॉइंट टू-टूचं नाव काढताच हात जोडले.

"चाचा, खिलाड़ियों वाला माल ऊपर से ही नहीं आ रहा."

"आणि आभाळ फोडायचा माल कुठून येतो रे?" मी विचारलं.

"अम्माजी, वो तो चलता है ना."

चलता है. ते तर मला दिसतच होतं, कपाट भरलं होतं.

घरी आल्यावर दिरांनी आणखी एक पराक्रम केला. स्वतःच्या ठेवणीतला डबा आणून नातीपुढे धरला, "ही घे, माझी. मोठी आहेत, जोरात जातील." नात माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. परवाना ह्यांच्या खिशात माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा, आणि सुईत सुतळी जात नाही एवढं ह्यांना ठाऊक नाही!

शेवटी तिला नेमबाजी शिकवणाऱ्या सरांनी रेंजवरची उरलीसुरली काडतुसं गोळा करून दिली. चार घाण्यांची खिचडी. सामन्याला पुरतील एवढीच. निवडीच्या दिवशी मी आणि दीर मागच्या बाकावर होतो. सुरुवातीला अंदाज घ्यायला हव्या तितक्या गोळ्या मारायची मुभा असते. बाकीच्या मुली मारत होत्या, आमची नुसती नेम धरून पडली होती. मारल्या असत्या तर सामन्याला कमी पडल्या असत्या. मग व्हायचं तेच झालं. पहिल्या गोळ्या इकडेतिकडे गेल्या. नंतर एकेक गोळी जोखून तिने हात बसवला, शेवटी शेवटी तर बघत राहावं अशी मारली, पण आधीचं भरून निघालं नाही. संघात तिचं नाव लागलं नाही, अगदी थोडक्यात.

रिक्षात बसल्यावर दीर हळहळले. "काय करणार, सरांनी गोळ्याच हलक्या दिल्या."

मी रिक्षावाल्याचीही भीड ठेवली नाही. जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण मामला तिथे संपला नव्हता. तिच्या परवान्यावर वर्षाला ठरावीकच गोळ्या मिळतात, आणि जुन्यांचा हिशेब दिल्याशिवाय नव्या नाहीत. म्हणजे ती मधाळ काडतुसं सरांकडे नेऊन दाखवायची, नोंद करून जमा करायची, तेव्हा कुठे पुढची वाट. आणि ती होती कुठे? देवघरात. दिरांनी चांदीच्या वाटीत घालून कुलदेवतेपुढे ठेवली होती, रोज फूल वाहत होते.

"आजोबा, वो मुझे दे दो. जमा करायचीयत."

"देवाची झाली ती आता. देवापुढचं परत मागतात होय?"

पुढे केलेला हात नातीने मागे घेतला. मोठ्यांपुढे हुज्जत घालू नये हे मीच तिला शिकवलेलं. मग मीच देवघरात गेले, वाटी उचलली, फुलं बाजूला केली आणि काडतुसं तिच्या रुमालात ओतली.

"वहिनीसाहेब! दोष लागेल."

"लागू दे. तुमच्या घरात काहीतरी नेमकं लागलं म्हणायचं."

नात फसकन हसली. निवडीच्या दिवसानंतर पहिल्यांदाच. रुमालाची गाठ मारली, स्कूटीच्या डिकीत टाकली आणि सरांकडे गेली. दीर रिकाम्या वाटीकडे बघत बसले होते. मी ती घासायला टाकली.